पेटी आपली, खेळ परक्याच्या घरी

३१ मार्च २०२४ ह्या दिवशी एक अख्खी अमेरिका बंद झाली. भूगोलातली नव्हे, फ्रान्समधल्या लिआँ शहरात बसून काही कुशल मंडळींनी संगणकावर उभी केलेली. 'द क्रू' हे त्या व्हिडिओ गेमचे नाव. युबिसॉफ्ट कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला होता. मोटारीत बसावे, न्यूयॉर्कहून निघावे आणि डोंगर, वाळवंटे, लहानमोठी गावे मागे टाकीत थेट लॉस एंजलिस गाठावे, अशी त्यातली मौज. वाटेत देशोदेशीच्या खेळाडूंच्या मोटारी भेटत, शर्यती लागत. शर्यतीचा नाद नसलेले लोक नुसते भटकत.

तर त्या दिवशी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले. हा खेळ एकट्याने खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या सर्व्हरशी दोर बांधलेला असल्यावाचून तो सुरूच होत नसे. दोर तुटला आणि खेळ संपला. तबकडी कपाटात, यंत्र टीव्हीखाली, दुकानदाराची पावती खिशात. खेळ मात्र कुठेच नाही! पुढच्याच महिन्यात आणखी एक गंमत झाली. ज्यांनी तो नेटवरून घेतला होता अशा काहींच्या खात्यातून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला.

पोराटोरांच्या खेळाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु ही पोरेटोरे आता चाळिशी-पन्नाशीला आली आहेत आणि नव्या खेळाला चार-पाच हजार रुपये मोजीत आहेत. तेव्हा पैसे मोजून आपण नेमके काय घरी आणले, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. हातात घेतलेला हा दिवाळी अंक पाहा. आपण तो विकत घेतलात. आता तो शेजाऱ्याला वाचायला द्या, वीस वर्षे जपून ठेवा, नाहीतर रद्दीत घाला; छापखाना उद्या बंद पडला तरी त्यातली कथा कोणी पुसून नेणार नाही. व्हिडिओ गेमही एके काळी असाच घरी येत असे.

१९७६ साली अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीने, जेरी लॉसन ह्या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या देखरेखीखाली, खेळ बदलता येणारे यंत्र काढले. खेळ एका चिपमध्ये, चिप प्लास्टिकच्या डबीत. डबी यंत्रात खुपसली की खेळ सुरू. पुढे अटारीने हीच तऱ्हा घरोघरी पोचवली आणि १९८३ साली जपानच्या निन्टेंडोने आपल्या फॅमिकॉम यंत्राने तिचे सोने केले. आपल्याकडे त्या फॅमिकॉमच्या नकला नव्वदच्या दशकात आल्या. त्या डबीला आपण सर्रास 'कॅसेट' म्हणत असू, तिच्यात फीत नव्हती तरी. लॅमिंग्टन रोडवर 'एकात ९९९९ खेळ' अशी छाती फुगवून सांगणाऱ्या कॅसेटी मिळत. प्रत्यक्षात खेळ मोजकेच आणि तेच नावे बदलून पुन:पुन्हा दिलेले असत. कॅसेट चालेनाशी झाली की ती काढायची, एक फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. कॅसेटींची अदलाबदल चाले, उसनवारी चाले, भांडणेही होत. ह्या व्यवहारात कंपनीला कोणी विचारीत नसे आणि विचारण्याची गरजही नव्हती. चिपवर जे कोरले ते कोरले. दुरुस्ती नाही, पुरवणी नाही. चूक राहिली तर चुकीसकट.

दुकानाशिवाय, पेटीशिवाय खेळ घरी आणण्याचा एक मोठा घाटही जपानात घातला गेला. एप्रिल १९९५ पासून निन्टेंडोने उपग्रहावरून खेळ प्रसारित करायला आरंभ केला. सॅटेलाव्ह्यू नावाचे जोडयंत्र आपल्या सुपर फॅमिकॉमखाली बसवायचे आणि ठरल्या वेळी खेळ उतरवून घ्यायचा. काही खेळ तर रेडिओवरच्या श्रुतिकेसारखे होते. घड्याळाच्या काट्यावर खेळ चाले आणि त्याच वेळी उपग्रहावरून नटांचे आवाज ऐकू येत. वेळ चुकली की संपले! उतरवलेला खेळ ठेवायला जी लहानशी स्मृतिपेटी होती तिच्यात एक मेगाबाइटच काय ते मावे. नवा खेळ हवा तर जुना पुसा. जून २००० मध्ये हे प्रसारण थांबले. तेव्हापासून तिथले हौशी लोक जुन्या बाजारातून त्या स्मृतिपेट्या विकत घेतात आणि पुसायचा राहून गेलेला एखादा खेळ आत सापडतो का, ते पाहतात. जे आवाज कोणी घरी टेप करून ठेवले नाहीत ते गेले.

आज डाउनलोडचे जे राज्य आहे त्याचे हे एक बीज. ह्या पद्धतीचे गुण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रत्नागिरीच्या मुलाला मुंबईच्या दुकानात जावे लागत नाही. चार मित्रांनी मिळून केलेला खेळ पेटी, छपाई, वाहतूक ह्यांच्या खर्चाशिवाय जगभर विकता येतो. किंमतही पुष्कळदा कमी पडते. अडचण एकच की, इथे दुकान बंद पडले तर नुसते दुकान बंद पडत नाही. जो माल दुसरीकडे कुठे मिळतच नाही तो जगातून उठतो.

आणि दुकाने बंद पडत आहेत. निन्टेंडोने 'वी' ह्या यंत्राचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केले. 'थ्रीडीएस' आणि 'वी यू' ह्या दोन यंत्रांची दुकाने २७ मार्च २०२३ ला मिटली. त्यांत केवळ डाउनलोडनेच मिळणारे शेकडो खेळ होते. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय पुढील काही काळ राहील, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. 'काही काळ' म्हणजे किती, ते सांगितले नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ ला बंद केले. सोनीने मार्च २०२१ मध्ये आपल्या तीन जुन्या यंत्रांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी एवढे काहूर माजवले की महिन्याभरात कंपनीच्या प्रमुखांना निर्णय चुकला असे म्हणावे लागले आणि प्लेस्टेशन ३ व व्हीटा ह्यांची दुकाने वाचली. तिसऱ्याचे, म्हणजे पीएसपीचे, दुकान मात्र त्या जुलैत मिटलेच.

कधी दुकान चालू असते आणि एखादाच खेळ फळीवरून उचलला जातो. ऑगस्ट २०१४ मध्ये सोनीच्या दुकानात 'पी. टी.' नावाचा एक छोटा खेळ फुकट ठेवला होता. एका घराचा एकच बोळ. खेळाडू त्यातून पुन:पुन्हा जातो आणि प्रत्येक फेरीला काहीतरी बदललेले असते. भयकथेच्या शौकिनांनी तो डोक्यावर घेतला. तो एका येऊ घातलेल्या मोठ्या खेळाची जाहिरात होता. तो मोठा खेळच कोनामी कंपनीने रद्द केला आणि एप्रिल २०१५ अखेर 'पी. टी.' दुकानातून काढला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही तो पुन्हा उतरवून घेता येईना. मग काय, ज्या यंत्रात तो पडून होता ती जुनी यंत्रे भरमसाट दराने लिलावाला निघाली. फुकट वाटलेल्या वस्तूची ही किंमत!

दुसरे उदाहरण 'स्कॉट पिल्ग्रिम'चे. २०१० साली आलेला हा मारामारीचा खेळ २०१४ च्या अखेरीस दुकानातून नाहीसा झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये परतला. मधली सहा वर्षे, खिशात पैसे असूनही तो सरळ मार्गाने कोणालाही विकत घेता येत नव्हता. असे व्हायला कारणे पुष्कळ असतात. चित्रपटाचे वा पुस्तकाचे हक्क मुदतीचे असतात, गाण्यांचे असतात, मोटारींच्या नावांचेसुद्धा असतात. छापून विकलेल्या तबकडीला ह्या मुदतीचा उपद्रव होत नाही. दुकानातल्या डाउनलोडला होतो.

म्हणून जाणते लोक सांगतात, तबकडी घ्या. सल्ला बरा आहे, पण दहा वर्षांपूर्वी होता तितका तो पक्का राहिलेला नाही. 'द क्रू'ची तबकडीच होती, ती काय कामाची ठरली? २०१५ साली टोनी हॉकच्या स्केटबोर्डच्या खेळाचा पाचवा भाग निघाला. त्याच्या तबकडीवर जेवढा मजकूर होता त्याहून पहिल्या दिवशी नेटवरून उतरवायची पुरवणी मोठी होती! छापखान्यात तबकडी गेली तेव्हा खेळ पुरा झालेलाच नव्हता. २३ ऑगस्ट २०२४ ला सोनीने 'कॉन्कॉर्ड' हा खेळ काढला, तबकडीवरही विकला आणि ६ सप्टेंबरला बंद केला. चौदा दिवस! ह्या वेळी कंपनीने पैसे परत केले, हे सांगितले पाहिजे.

सर्वांत बोलका प्रकार प्लेस्टेशन ४ चा. ह्या यंत्रात घड्याळासाठी नाण्याएवढा एक सेल असतो. सेल कधीतरी संपणारच. तो संपला की यंत्र वेळ पडताळण्यासाठी सोनीच्या सर्व्हरकडे धाव घेई आणि सर्व्हर भेटला नाही तर डाउनलोड केलेलाच काय, तबकडीवरचा खेळसुद्धा चालू करीत नसे. म्हणजे कंपनीने उद्या सर्व्हर काढला असता तर एकेका सेलागणिक घरोघरची यंत्रे मुकी झाली असती. हौशी मंडळींनी हे हुडकून काढून बोभाटा केला, तेव्हा सप्टेंबर २०२१ च्या सुधारणेत कंपनीने तो दोष दूर केला.

निन्टेंडोने ५ जून २०२५ ला 'स्विच २' हे यंत्र आणले आणि त्याबरोबर एक नवी चीज आणली. तिचे नाव 'गेम की कार्ड'. नेहमीची पेटी, पेटीवर झोकदार चित्र, आत लहानसे कार्ड. पण कार्डात खेळ नाही, खेळाची किल्ली आहे! कार्ड खोचायचे, नेटवरून खेळ उतरवून घ्यायचा. पुढे खेळताना कार्ड खोचलेले असलेच पाहिजे. खाली बारीक अक्षरांत तसे छापलेले असते. कंपनीची बाजू अगदीच लंगडी नाही. मोठ्या कार्डाला खर्च फार, आणि किल्लीचे कार्ड निदान मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते. डाउनलोडला तेही नाही. परंतु मनात आणले तर काय होऊ शकते ते पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने दाखवले. 'सायबरपंक २०७७' हा त्यांचा अवाढव्य खेळ त्यांनी त्याच यंत्रासाठी चौसष्ट गिगाबाइटच्या कार्डावर सबंध दिला.

ह्या किल्लीच्या कार्डाने जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयापुढे मोठा मौजेचा प्रश्न उभा केला. तिथे ऑक्टोबर २००० पासून पेटीबंद इलेक्ट्रॉनिक प्रकाशनेही कायद्याने जमा करून घेतात. पुस्तके घेतात तसे व्हिडिओ गेमही घेतात. २०२५ साली 'फामित्सु' ह्या तिथल्या गेमच्या नियतकालिकाने ह्या कार्डांबद्दल चौकशी केली. ग्रंथालयाचे म्हणणे असे पडले की, कार्डात प्रत्यक्ष मजकूर नसल्यामुळे ते संग्रहास पात्र नाही. बरोबरच आहे. पुस्तकाच्या कपाटाची किल्ली कोणी पुस्तक म्हणून नोंदवून घेईल काय?

आता जुन्याची बाजू घेताना जुन्याला अमरपट्टा द्यायचे कारण नाही. कॅसेटीतली चिप दीर्घायुषी खरी, पण ज्या कॅसेटीत खेळाडूची प्रगती साठवली जाई तिच्यात सेल असे. 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या कॅसेटीत होता, पोकेमॉनच्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये होता. ह्या शेवटच्या दोहोंत आतले घड्याळही त्याच सेलावर चाले, म्हणून तो अधिक लवकर संपे. सेल मेला की लहानपणी जमवलेला सगळा गोतावळा गेला. खेळ उरतो, त्यातले आपले असे काही उरत नाही. तबकड्यांचे थर काही वेळा सुटतात, त्यांवर ठिपके पडतात. ज्या यंत्रावर लावायच्या ते यंत्रही म्हातारे होते. थोडक्यात, वस्तू हातात असली तरी कोणीतरी तिची नक्कल करून नव्या जागी ठेवीत राहावे लागतेच. वस्तू हातात असल्याचा लाभ एवढाच की, ती नक्कल करणारे हात कोणाचेही असू शकतात.

कंपन्या आपला माल आपणच सांभाळतील, असे वाटत असेल तर तोही भ्रम. 'सायलेंट हिल' मालिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांची नवी आवृत्ती २०१२ साली काढताना कोनामीजवळ मूळ खेळाची अंतिम प्रतच सापडली नाही. अपुऱ्या, चुका राहिलेल्या प्रतीवरून काम भागवावे लागले आणि ते दिसलेही. 'किंगडम हार्ट्स'च्या नव्या आवृत्तीच्या वेळी मूळ सामग्री हरवली होती, म्हणून पुष्कळ भाग पुन्हा घडवावा लागला. ज्यांनी कोट्यवधी रुपये मिळवले त्यांची ही कथा.

आपल्याला हे नवीन वाटू नये. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. लोकांनी गर्दी केली, पोलीस बोलवावे लागले. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा काही भागच काय तो हाती आहे. चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळशा फिती जळल्या, कुजल्या, त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. त्या काळी सिनेमालाही थोर लोक पोरखेळच म्हणत होते.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत किती हानी झाली आहे, ह्याचा एक अंदाज अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये दिला. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. म्हणजे दर आठांतले जेमतेम एक! उरलेल्यांसाठी जुना बाजार, संग्राहक नाहीतर चोरटी प्रत. ह्या संस्थेने आणि इतरांनी अशी मागणी केली की, बाजारातून गेलेले खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरून, त्यांच्या घरच्या संगणकावर, पाहू द्यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती अमान्य झाली. लोक ह्या सवलतीचा उपयोग अभ्यासाऐवजी करमणुकीसाठी करतील, अशी धंदेवाल्यांची भीती. ग्रंथालयातून नेलेली कादंबरी लोक परीक्षेसाठी वाचतात की काय, कोण जाणे! फ्रान्सने ह्या कामी पुष्कळ आधी शहाणपणा केला. १९९२ च्या कायद्याने तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात व्हिडिओ गेमच्या प्रती जमा होतात. आपला १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा पुस्तकांच्या आणि वृत्तपत्रांच्या प्रती मागतो. खेळांचे नाव त्यात नाही.

कायद्याच्या बाजूने अलीकडे दोन गोष्टी घडल्या. कॅलिफोर्निया राज्याने असा नियम केला की, काढून घेता येईल असा परवाना देताना, तसे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' हा शब्द विक्रेत्याने वापरू नये. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. स्टीम ह्या संगणकावरील खेळांच्या सर्वांत मोठ्या दुकानाने ऑक्टोबर २०२४ मध्येच पैसे भरण्याच्या पानावर, आपण परवाना घेत आहात, अशी ओळ टाकली. हा परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. बापाने जमवलेले हजार खेळ मुलाला वारसाहक्काने मिळत नाहीत, ह्याचा विचार भाऊबीजेची वाटणी करताना करून पाहावा.

दुसरी गोष्ट युरोपातली. 'द क्रू' मिटल्यावर रॉस स्कॉट ह्या गृहस्थांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभारली. मागणी साधी आहे. कंपनीने सर्व्हर आयुष्यभर चालवावा असे कोणी म्हणत नाही. बंद करताना खेळ चालण्याजोग्या स्थितीत सोडून जावे, एवढेच. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे वर्षभरात दहा लाख सह्या हव्या होत्या. बराच काळ त्या रखडल्या होत्या, पण ३१ जुलै २०२५ ची मुदत संपण्याआधीच आकडा ओलांडला गेला. धंदेवाल्यांच्या संघटनेचे उत्तर असे की, खाजगी सर्व्हरवर खेळाडूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणी घ्यायची, आणि असे बंधन आले तर खेळ करण्याचा खर्च वाढेल. सुरक्षिततेचा मुद्दा अनेकांनी एकत्र खेळायच्या खेळांना लागू पडतो, हे मान्य. पण एकट्याने मोटार हाकायला कोणाची परवानगी कशाला हवी, ह्याचे उत्तर त्यात मिळत नाही. शिवाय युबिसॉफ्टने स्वतःच सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की, 'द क्रू'च्या पुढच्या दोन भागांना नेटशिवाय खेळण्याची सोय देऊ. म्हणजे करता येते.

ह्या दिवाळीत मुलांसाठी, किंवा मुलांचे नाव पुढे करून स्वतःसाठी, कोणी खेळ घेणार असतील तर पेटीच्या तळाशी असलेला बारीक मजकूर आधी वाचावा. 'डाउनलोड आवश्यक' किंवा 'नेट सतत हवे' असे असेल तर पैसे विचार करून द्यावेत. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी जीओजी हे दुकान आहे. तिथला खेळ कुलपाशिवाय मिळतो. त्याची फाइल आपल्या डिस्कवर उतरवून ठेवता येते आणि मग दुकान राहो वा न राहो. आणि माळ्यावरच्या खोक्यात जुने पोकेमॉन पडले असेल तर ते खाली काढून एकदा चालवून पाहावे. सेल अजून जिवंत असला तर जाणकाराकडून आतली साठवण आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि मगच सेल बदलायला द्यावा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही कारागीर तो दहा मिनिटांत बदलून देईल. मात्र जुना सेल सुटताक्षणी आत साठवलेले सगळे जाते.